एकादशीचा कूट

नारायणगावातल्या माझ्या शेजारणीच्या मुलीला शेंगदाणा कणभर जरी खाण्यात आला, तरी तिचा घसा सुजतो. त्यामुळे शेजारीण दारात येणाऱ्या प्रत्येकाला, मलाही, आधी विचारते, "हात धुतले का?" तिच्या सासूबाईंच्या एकादशीचा दाण्याचा कूट तेवढा घरात वेगळ्या डब्यात असतो.

काल मी विरजण मागायला गेले, तेव्हा शेजारीण, सासूबाई आणि मुलगी तिघी मिळून स्वयंपाक करत होत्या. सासूबाई एकदम थबकल्या.

"वांग्यात कूट पडला गं. सवयीनं हात गेला. मी न्हाई आता चुलीपाशी यायची."

"पोरीला वाढलं न्हाई ना, आत्या? मग काय न्हाई झालं," शेजारीण सासूला म्हणाली.

शेजारणीने भाजी टाकून दिली, सगळ्यांना हात धुवायला लावले आणि नवी वांगी सासूबाईंपुढेच ठेवली.

"चिरा."

आवाज नेहमीचाच होता. मुलीच्या खांद्यावरचा हात मात्र तिने काढला नव्हता.