दीर्घिकेतला ठिपका

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात मनोहर देवस्थळींची तीस वर्षं गेली. नागपूरहून सोबत आलेला आकाशाचा नाद मात्र सुटला नाही. मार्चातल्या एका शनिवारी, अंधार पडल्या पडल्या, ते आणि राधिका शहराबाहेरच्या मैदानात दुर्बीण लावून उभे होते. राधिका इथेच जन्मलेली, शाळेत शिक्षिका. सहा वर्षं दोघं मिळून दीर्घिका न्याहाळत होते.

सप्तर्षींजवळच्या एका दीर्घिकेच्या कडेला मनोहरांना प्रकाशाचा ठिपका दिसला. मागच्या महिन्यात तो नव्हता. दुसऱ्या कुणाच्या मनात आधी सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, आला असता. मनोहरांना आधी स्वतःचा डोळा आठवला. आठवडाभर उजव्या डोळ्यासमोर मधूनच वीज चमकल्यासारखं होत होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा डोळा असाच गेला होता.

त्यांनी नजर फिरवून पाहिली. दोष डोळ्यात असता तर ठिपकाही फिरला असता. तो जागचा हलला नाही, तरी त्यांचा विश्वास बसेना.

"काही विचारू नकोस," ते राधिकाला म्हणाले. "नुसतं बघ आणि काय दिसतं ते सांग."

ती बराच वेळ वाकून राहिली. मग तिनं नकाशा ताडून पाहिला.

"काका, देअर इज अ स्टार. कडेला. नकाशात नाहीये."

मनोहरांनी सुस्कारा सोडून मान वर केली, तेव्हा उजव्या कडेनं एक काळी सावली आत सरकत होती.

राधिका कॅमेरा जोडू लागली. फोटोला वीस मिनिटं लागणार होती, आणि फोटोशिवाय हा शोध खगोलशास्त्रज्ञांना कळवण्यात अर्थ नव्हता. वीस मिनिटं थांबावं, असं मनोहरांना वाटलं हे खरं. पण सावली आणखी आत सरकली.

"राधिका, मला नीट दिसत नाहीये. गाडी तू चालव."

दुर्बीण तिथेच टाकून ती त्यांना घेऊन हॉस्पिटलकडे निघाली. वाटेत ते डावा डोळा झाकून, किती उरलंय ते पुन्हापुन्हा बघत होते. फोनवर बायकोनं, रत्नानं, सगळं ऐकून घेतलं; ती रागावली नाही. त्यानं ते जास्तच घाबरले.

डोळ्यामागचा पडदा सुटला होता; सकाळी ऑपरेशन झालं. डोळा वाचला, कडेची नजर गेली. तो सुपरनोव्हाच होता, पण त्याच रात्री दुसऱ्या कुणीतरी तो कळवला होता. राधिकाला वाईट वाटलं का, हे विचारायचं मनोहरांचं धाडस झालं नाही.

डावा डोळाही जपायला डॉक्टरांनी बजावलंय. रोज उठल्यावर मनोहर एकेक डोळा मिटून अंगणातलं मेपलचं झाड पुरतं दिसतंय का ते बघतात. ते हो म्हणेपर्यंत रत्ना हातातला चहा खाली ठेवत नाही.