पडदेवाल्या ताईंची खोली

पडदा वर जातो आणि सगळ्यात आधी दिसते ती एक पाठ. दोन दुकानांच्या वरची लांबट खोली, खोलीभर पसरलेलं टेबल, टेबलावरून ओघळून जमिनीवर साचलेली गर्द लाल मखमल, आणि मधोमध, आपल्याकडे पाठ करून, शिलाई मशीनसमोर बसलेल्या एक बाई. खांदे वर चढलेले, मान ताठ. चेहरा दिसायची गरजच नाही. बाई संतापल्या आहेत हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं, अशी ती पाठ.

या पडदेवाल्या ताई. खिडक्यांचे पडदे त्या शिवत नसत. "रुमाल शिवायला दुसरं कुणी बघा," म्हणायच्या. सभागृहं, मोठी हॉटेलं, जुनी नाटकगृहं, हे त्यांचं गिऱ्हाईक. "नट यायच्या आधी हजार माणसांना गप्प कोण बसवतं? माझा पडदा," असं त्या छातीठोकपणे सांगत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मखमल मोठी मानी. एकदा सुई टोचली की भोक कायमचं. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. शिवाय तिचे दोन थर एकमेकांवरून सरकायला टपलेलेच असतात, म्हणून पन्ह्याला पन्हा, म्हणजे कापडाच्या एका रुंदीला दुसरी, जोडताना लांबच्या लांब शिवण एका दमात मारायची. मध्ये पाय अडखळला की चुणी पडते, आणि उंच पडद्यावरची चुणी दिव्यांच्या उजेडात जखमेसारखी दिसते.

त्या दमासाठी ताईंना गाणं लागे. तेही हळवं नाही. रडक्या गाण्यावर शिवण वाकडी जाते, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांना हवा बँड! ट्रम्पेट किंचाळतोय, ड्रम छातीवर आदळतोय, असला. तो एकदा सुरू झाला की ताईंचा पाय पायडलवर असा बसे की मशीनच बँडमधलं एक वाद्य वाटावं.

आता कुणी म्हणेल, बाई जुन्या वळणाच्या, नव्या यंत्रांना बिचकत असतील. छे! लाल रेषा टाकून भिंतीची उंची सांगणारी डबी त्या इमारतीत सगळ्यात आधी ताईंनी आणली. खालच्या मजल्यावरचा वायरमन अजून ती मागून नेतो आणि परत करायला विसरतो. परदेशात राहणाऱ्या मुलाकडे गेल्या, तेव्हा त्याने त्यांना एका मोठ्या बँडच्या कार्यक्रमाला नेलं. लोक परीक्षेला बसल्यासारखे गप्प. ताईंचा उजवा पाय मात्र आपला पायडल दाबतोय. पुढच्या बाईने वळून पाहिलं. ताईंनी हसून मान डोलावली आणि पाय चालूच ठेवला. परतताना विमानतळावर त्यांनी लालभडक, कानांवर वाट्या पालथ्या घालाव्यात तसले हेडफोन घेतले.

"आई, हे तरुण पोरं घालतात," मुलगा म्हणाला.

"मग त्यांना सांग, आवड चांगली आहे तुमची."

या सहा फुटी मुलाला सगळे अजून छोट्या म्हणत. आईला पोचवायला तो सोबत आला, आणि जाण्याआधी टेबलाच्या कोपऱ्यात एक करडा, गोल स्पीकर बसवून गेला. "आई, फोनवर इथे हो दाब. इथेही हो. आता हे शेवटचं." ताईंनी दाबलं. तोंडाने फर्मावलं की बँड वाजतो, हे पाहून त्या अशा खूश झाल्या की जिन्यावर भेटेल त्याला हाताला धरून वर आणून दाखवलं.

मग एक दिवस ऐन ट्रम्पेटच्या मध्ये आवाज आला, "आई, जेवलीस का?"

ताईंच्या हातून कात्री सुटली. खोलीत कुणी नाही, आणि मुलगा तर कानाशी बोलतोय. तो तिकडे खो-खो हसला. "स्पीकरमधून बोलतोय गं! फोन तू उचलत नाहीस, हे सोपं." पुढे ते रोजचंच झालं. औषध घेतलंस का? खिडकी लावलीस का? इतक्या मोठ्याने काय लावून बसलीस? आणि तिकडून बोट फिरवून तो बँडचा आवाज कमी करी. ताई दात-ओठ खात, पण गप्प राहत. पोर लांब आहे, जीव लागतो त्याचा, अशी स्वतःचीच समजूत घालत.

मग जुन्या नाटकगृहाचं काम आलं. बरीच वर्षं बंद असलेलं ते पुन्हा उघडणार होतं, आणि दर्शनी पडदा ताईंकडे. असं काम पुन्हा हाती येईल न येईल. कापड गिरणीतून खास रंगवून आणलेलं, त्या रंगाचं पुन्हा मिळणं नाही. ताईंनी शिस्तीप्रमाणे एक पन्हा जास्त घेतला होता.

शिवण अर्ध्यावर आली होती. बँड रंगात, पाय लयीत. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "आई, तू आत्ता खोकलीस का?"

पाय अडखळला. मखमल सरकली. बोटाएवढी चुणी.

"तू ऐकत बसला होतास?" ताईंनी विचारलं.

"अगं, सहज. काम करताना मागे तुझ्या मशीनचा आवाज असला की बरं वाटतं मला."

तो खरंच बोलत होता, आणि त्यानेच ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण अशा माणसाला शिवी तरी कशी द्यायची? त्या स्पीकरकडे पाठ फिरवून बसल्या. आपण पाहिली ती हीच पाठ.

स्पीकरची ती डबी जिन्यावरून भिरकावून द्यावी असं त्यांना शंभरदा वाटलं. पण भिरकावली की मुलाचा निकाल तयार: आईला यंत्रं झेपत नाहीत. तो निकाल त्यांना नको होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पीकरवर मखमलीच्या कातरणांचा ढीग रचला, लाल हेडफोन चढवले आणि उरलेला एकुलता एक पन्हा मशीनखाली घातला. आता चूक झाली तर पडदा नाही.

तिकडे छोट्या हाका मारत राहिला. स्पीकरमधून नुसती गुदमरलेली शांतता. फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. त्याचं धाबं दणाणलं. त्याने वायरमनला फोन लावला, आणि वायरमन ताईंनी त्याच्याकडे ठेवलेली जादाची किल्ली घेऊन, फोन तसाच हातात धरून, दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. दार उघडलं, पाठमोऱ्या ताई दिसल्या, आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पाय अडखळला नाही! ताईंची नजर सुईवर, दोन्ही हात कापडावर. कानात बँड असल्यामुळे त्या गरजल्या, "मेलेय का मी? मेलेलं माणूस शिवतं का? बाजूला हो, माझ्या मखमलीवर उभा आहेस!"

वायरमन टुणकन उडाला आणि भिंतीला चिकटून एका पायावर उभा राहिला.

"कोण मेलं? अहो, कोण मेलं?" त्याच्या हातातला फोन ओरडत होता.

शिवण टोकाला पोचली. ताईंनी दोरा कापला, तळवा शिवणीवरून सावकाश फिरवला. सपाट. मग हेडफोन उतरवले आणि हात पुढे केला. वायरमनने मुकाट्याने फोन दिला.

"बोल."

"आई, काय हे! जिवाचं पाणी झालं इथे माझ्या."

"काल तुझ्या जिवापायी माझा अख्खा पन्हा गेला."

"मग सांगायचंस ना तेव्हाच!"

"कुणाला? त्या डबीला?"

"एकटी असतेस. काळजी केली, यात माझं काय चुकलं?"

"तुझ्याकडे होते तेव्हा कॉफी घेऊन तुझ्या खोलीत आले होते. तू स्क्रीनवर साहेबांशी बोलत होतास. नंतर काय म्हणालास? आई, इथे दार वाजवून आत येतात. लागलं मला ते. पण पुढे रोज वाजवलं की नाही? आणि माझ्या खोलीचं दार तुला दिसतच नाही का रे?"

तिकडून मग बारीक आवाजात, "स्पीकरला दार नसतं, आई."

"म्हणून तू आत येऊन बसायचं? मी दाबलेले ते सगळे हो काढून टाक. आत्ताच्या आत्ता. बँड राहू दे, तू बाहेर हो."

"आणि पडलीस-बिडलीस तर?"

"तर हा आहे की, किल्लीवाला. मखमल तुडवत येईल."

"चपला बाहेर काढल्या होत्या मी, ताई," वायरमन पुटपुटला.

"तू गप्प बस. आणि ती लाल रेषेची डबी आण माझी वरती."

तिकडे बोटं चालल्याचा आवाज आला. कातरणांच्या ढिगाखालून स्पीकरने एकदा टिंग केलं.

"काढलं सगळं," छोट्या म्हणाला. आवाज आता रुसलेल्या पोराचा. "मग आता तुझ्याशी बोलायचं तरी कसं?"

"फोन करून."

"हा फोनच आहे ना?"

"हा तू वायरमनला केलायस. ठेव तो. मला कर. वाजू दे चांगला, मी उचलीन तेव्हा उचलीन."