त्याच ओठावर, त्याच जागी

औषधाने बरे झालेले लोक दवाखाना विसरतात. औषधाने ज्यांचं कातडं बिघडलं ते मात्र जन्मभर सांगत सुटतात! तळोद्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा किस्स्यांना काय तोटा! आमचे डॉक्टर देशावरचे. औषध उलटून उठलेली जखम दिसली, की घरी जावई आल्यासारखी त्यांची धावपळ व्हायची!

* * *

शाळेच्या एका मास्तरांना झटके यायचे, म्हणून ब्रोमाइडचं मिक्श्चर चालू होतं. नडगीवर हे भलेमोठे व्रण उठले! डॉक्टर म्हणाले, "औषध बंद!"

मास्तर हबकलेच. "बंद? अहो, आत्ता कुठे रोग बाहेर पडतोय! मी तर कालच डोस दुप्पट केलाय!"

बाटली मी हिसकावूनच घेतली. महिन्याभरात व्रण सुकले. श्रेय मास्तरांनी दुप्पट डोसाला दिलं!

* * *

धडगावकडचा एक म्हातारा आयोडाइडच्या औषधाने पाठभर फोड घेऊन आला. डॉक्टर रंगपेटी काढून चित्र काढायला बसले. तासभर!

म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "साहेब, मी बरा होईन ना?"

"होशील रे बाबा, नक्की होशील. पण एवढं रंगवून होऊ दे!"

* * *

आणि जिजाचं प्रकरण! तिचं माहेर दवाखान्याच्या मागेच. एके दिवशी सासू तिला बैलगाडीतून कायमची सोडायला आली. नवराही सोबत, खालचा ओठ फुटून काळानिळा झालेला, म्हणून सासू आधी दवाखान्यात शिरली.

"सूनना पायगुणच खराब शे, डाक्टरसाहेब! माहेरतून ऊनी का मन्हा पोरना ओठ फुटस! दर खेपले!"

डॉक्टर खुर्चीतून उडालेच. "दर खेपेला? हाच ओठ? हीच जागा? येताना ती आणते काय?"

"तुमनीच तापनी पुडी लई येस, नवराले देस, दुसरं काय!"

पुड्या माझ्याच हातच्या! आणि त्यापायी या पोरीचा संसार मोडत होता.

डॉक्टरांनी जिजाला माहेरीच ठेवायला सांगितलं, पुडी बंद केली. ओठ भरला. मग मायलेकांना परत बोलावलं. नवऱ्याला म्हणाले, "चिमूटभर पुडी देऊन पाहतो. ओठ पुन्हा फुटेल कदाचित."

तो म्हणाला, "द्या साहेब. ओठ गया तरी चाली, बायको घर येवाले जोयजे!"

जिजा माझ्या औषधाच्या खोलीत, दाराआड. मी तिला पाणी दिलं.

दुपार कलायच्या आत ओठ सुजला. तोच ओठ, तीच जागा! डॉक्टरांनी टाळीच वाजवली. "बघा आजी! जिजा आली होती का समोर? पुडी कुणी दिली? मी!"

सासूने ओठ पाहिला. मग डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. दोन पावलं मागे सरली, दाराआडची जिजा दिसताच खोलीत आली आणि तिचा हात घट्ट धरला.

"चाल वं पोरी, घर चाल! या डाक्टरनाच पायगुण खराब शे!"