नकाशात नसलेला पाडा

परवा सकाळी मी तीनदा शर्ट बदलला. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, कॉलेजचा पहिला दिवस पोरांचा आहे की तुमचा?"

निवृत्तीनंतर प्रथमच नव्या मुलांच्या स्वागताला मला बोलावलं होतं. मी दोन अटी घातल्या होत्या. मला पाच मिनिटं बोलू द्यायचं आणि एक जुनी नोंदवही टेबलावर ठेवायची.

सिल्वासाच्या या कॉलेजात मी भूगोल शिकवायचो. पहिल्या दिवशी भिंतीवर नकाशा टांगायचा आणि प्रत्येकाने आपल्या गावावर टिकली चिकटवायची, ही पद्धत माझीच. कारखान्यांत कामाला आलेल्या धुळे-नंदुरबारकडच्या लोकांची मुलं, बिहारची मुलं, दादऱ्याच्या दुकानदारांची, खेरडीच्या शेतकऱ्यांची. दुपारपर्यंत नकाशाला गोवर उठलेला असायचा! "तू शहाद्याचा? माझी मावशी तिथलीच!" अशा ओळखी निघायच्या. महिनाभरात खानदेशी ठेचा गुजराती डब्यांत पोहोचलेला असायचा.

एका वर्षी खानवेलच्या पुढच्या डोंगरातून एक वारली मुलगी आली. तिच्या पाड्यावरची बारावी झालेली ती पहिलीच. बोटावर टिकली घेऊन ती नकाशापुढे उभीच राहिली. तिचा पाडा नकाशात नव्हता.

"खानवेलवर लाव," मी म्हणालो.

"खानवेल माझं गाव नाय, सर."

"मग लाव त्या हिरव्या रंगावर कुठेही. जंगल सगळं सारखंच!"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. नोंदवहीत कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, "भाषेची अडचण. वातावरणाशी जुळवून घेता आले नाही." तिचं बोलणं मला स्पष्ट कळलं होतं, तरी लिहिलं. पुढे कित्येक बैठकांत 'तिकडच्या मुली टिकत नाहीत' असं मीच सांगत राहिलो.

यंदा तिच्या मुलीने इथे प्रवेश घेतल्याचं शिपायाकडून कळलं. आई गलोंड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. मी मुलीकडून निरोप धाडला आणि परवा ती अर्धी सुट्टी टाकून खरंच आली!

भरल्या हॉलमध्ये मी वर लिहिलेलं सगळं सांगितलं. कोण सगळ्यांत मोठ्यांदा हसलं, तेही. मग जुन्या नोंदीवर रेघ मारली, खाली लिहिलं, "शिक्षकाने हसे केले म्हणून सोडले," आणि सही केली. ती पुढे आली. अक्षरावर बोट फिरवत तिने वाचलं.

"आता बरोबर," ती म्हणाली. "पण सर, मी रडत नव्हते हां गेले. रागावले होते. आठ दिवस वाट बघितली, कोणी बोलवायला येतं का. तुम्ही वहीत लिहून मोकळे."

 तिने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. मुलीकडे वळून म्हणाली, "चल, लाव टिकली."

नकाशा नवा होता, पण पाडा अजूनही त्यात नव्हता. मुलीने माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं.

"आई, नदी वळते तिथे ना?"

"वर गं. अजून वर. तिथे तर तुझ्या मामाचं शेत!"

"सर, हिला सांगा ना, नकाशात मामाचं शेत नसतं!"

"आज असू दे," मी म्हणालो. हॉल पुन्हा हसला, आणि या वेळी मुलीची आईही हसली.

मुलीने ठिपका काढला, शेजारी पाड्याचं नाव लिहिलं आणि टिकली दाबून बसवली. एवढ्यात मागच्या रांगेतली दोन मुलं उठली. सकाळी त्यांनी गुपचूप खानवेलवर टिकल्या लावल्या होत्या. त्या नखाने उचकटत एकाने विचारलं, "सर, पेन?"

बघता बघता पेनासाठी रांग लागली. "हळू, नकाशा फाटेल!" मी ओरडलो. कोणी ऐकलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की मीही ढकलत पुढे घुसलो.