तारा आवळल्यानंतर

बसस्थानकावर सगळे तिला माईकबाई म्हणत. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ती सांगायची. आवाज असा खणखणीत की पेंगणारा प्रवासीही पिशवी उचलून उभा राही. हसताना मात्र तिचा हात तोंडावर जायचा. पुढचे दात एकमेकांवर चढलेले. फटींत अन्न अडकून हिरड्यांतून रक्त यायचं. शेवटी चाळिशी उलटल्यावर तिने दातांना तारा बसवून घेतल्या. "आता या वयात?" नणंदेने फोनवर विचारलं. "दात माझ्याच वयाचे आहेत ना?" ती म्हणाली.

सुरुवातीचे दिवस कसेबसे निघाले. खरा छळ सुरू झाला तो डॉक्टरीणबाईंनी तारा आवळल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश टेकवला आणि ती कळवळली. चहात बुडवलेला पावही चावेना. जबडा ठणकत होता, आणि तारेचं मागचं टोक गालात टोचत होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की चालावंसं. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर.

"अगं, फरशी झिजेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांची कवळी पाण्याच्या वाटीत होती. "ये, माझ्यातला मऊ भात खा."

दोघी समोरासमोर बसून भात गिळू लागल्या. नवरा म्हणाला, "घरात तिघं, आणि चावणारा मी एकटा!"

"तू नुसता बोललास तरी चावतोस," सासूबाईंनी त्याला गप्प केलं.

कामावर तिने कोमट मीठपाण्याच्या चुळा भरल्या, गार पाण्याचे घोट घेतले. तेवढ्यापुरतं बरं वाटे. पण माईक सुरू केला की 'स' निसटायचा. "शहा नंबर फलाटावर..." बाकावरची कॉलेजची पोरं लगेच तिची नक्कल करू लागली. साहेब दारात येऊन हळूच म्हणाले, "बरं वाटेपर्यंत रेकॉर्ड केलेला आवाज लावू या का?"

"नको," ती म्हणाली. पण मग तिचा कशातच जीव लागेना. स्वतःचा आवाजच गेला तर या खोलीत आपण कोण? कामाची पाळी संपताच ती घरी आली आणि म्हणाली, "काढून टाकते या तारा." सासूबाईंनी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर निघाल्या.

"काढता येतील," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी आ करा." त्यांनी टोचणारं टोक कापलं आणि वर मेणाचा छोटासा गोळा दाबून बसवला. "दात सरकताहेत म्हणून दुखतंय. दोन-तीन दिवसांत उतरेल. लिहून दिलेली गोळी घेतलीत?"

"नाही. झोप लागून गाडी भलत्याच फलाटाला लावली तर?"

"त्या गोळीने झोप येत नाही, बाई!" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "आता सांगा, काढू?"

तिची जीभ गालावरून फिरली. खरंच टोचत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझे दात हलायला लागले तेव्हा मी कुणाला बोललेच नाही. एकेक करून पडू दिले. तू निदान आरडाओरडा तरी करतेस. खुशाल कर. पण तारा राहू दे."

तिने तारा ठेवल्या. गोळी घेतली तरी चैन नव्हतीच. संध्याकाळभर ती घरात येरझारा घालत "सहा, सात, सतरा, सत्तावीस" घोकत राहिली. "लागली का गाडी?" आतून नवरा विचारायचा. पुढे ठणका उतरला, तोंडाला तारांची सवय झाली आणि 'स' जागेवर आला. पोरांनी नवी गंमत शोधली.

तारा अजून निघालेल्या नाहीत. आवळून आली की दोन दिवस तिच्याशी घरात कुणी वाद घालत नाही. कारण तेव्हा ती बसून भांडत नाही. चालत चालत भांडते, आणि ऐकणाऱ्यालाही मागे मागे फिरावं लागतं.