केरळात जगलेली लेक

सुलतानाची पहिली मुलगी आठवडाभर जगली. पुढच्या खेपेचा मुलगाही तेवढाच. दोघं जन्मली तेव्हा चांगली धडधाकट होती, रडली, प्यायली. मग एका सकाळी तोंडच उघडेना. जबडा बसला, अंग कमानीसारखं ताठलं. हात लावला की आणखी ताठायचं. म्हणून मुलाच्या वेळी सुलतानानं त्याला शेवटी हातच लावला नाही. ते बाळ तसंच, जमिनीवर अंथरलेल्या धडप्यावर गेलं.

पौडच्या पुढं, डोंगरातल्या माले गावात याचं कुणाला नवल नव्हतं. घरोघरी एखादं असं गेलेलं असायचंच. "अल्लानं दिलं, अल्लानं नेलं," सासू बीबीजान म्हणाली. शेजारच्या गोजराबाईनं सटवाईला बोल लावला. नबीलालनं, म्हणजे सुलतानाच्या नवऱ्यानं, कबरस्तानात जांभळाखाली दोन छोटे खड्डे खणले आणि खुणेला नदीतले दगड ठेवले.

नबीलाल खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा. शहात्तर साली पुण्याचा एक ठेकेदार त्याला केरळात बोगद्याच्या कामावर घेऊन गेला. सुलतानाही बरोबर गेली.

तिकडचा डोंगर आपल्या ताम्हिणीसारखाच. तसाच पाऊस, तशाच जळवा. माणसंही तशीच गरीब. झावळ्यांची घरं, जेवायला उकडलेला कंद आणि जरा मासळी. सुलतानाला वाटलं, इतक्या लांब येऊन आपण आपल्याच गावात आलो.

तिला दिवस गेले. एका सकाळी एलियाम्मा नावाची नर्स काखेत छत्री धरून चढ चढत तिच्या खोपटापाशी आली. कुणी बोलावलं नव्हतं. भाषा कळत नव्हती. तिनं सुलतानाचं पोट चाचपलं आणि दंडात सुई टोचली. महिन्याभरानं पुन्हा आली, पुन्हा टोचली. बाळंतपण खालच्या दवाखान्यात झालं. नाळ कापायला नवं पातं, बांधायला उकळलेला दोरा. सुलतानानं खुणेनं बेंबीवर लावायला राख मागितली, तर एलियाम्मानं जोरजोरात मान हलवली.

मुलगी झाली. दिलशाद. सुलताना आठवडा सरायची वाट बघत बसली. रोज पहाटे मुलीच्या ओठांना बोट लावायची. आठवडा सरला. मुलगी पीतच होती.

ठेकेदाराच्या कोठीवरच्या माणसाला दोन्ही भाषा यायच्या. त्याला मधे घालून तिनं नर्सला विचारलं, "त्या सुईत काय व्हतं?"

"धनुर्वाताचं औषध. घाण हत्यारानं नाळ कापली की तो होतो. मग बाळाचा जबडा बसतो."

"आमच्याकडं मिळती का ही सुई?"

एलियाम्माला प्रश्नाचं नवल वाटलं. "मिळत असेलच. देश तर एकच आहे."

त्या दिवसापासून दिलशाद रडली की तिला पाठोपाठ आणखी दोन रडणी ऐकू यायला लागली.

काम संपलं, तशी तिघं मालेला परतली. ओट्यावर गावची माणसं जमली. तिकडं कसं हाय, म्हणून विचारायला लागली. नबीलाल सांगत होता, "कारखाना न्हाई, काय न्हाई. रोज मोर्चा. शिकल्याली पोरं रिकामी फिरत्यात. आपला म्हाराष्ट्र लई म्होरं हाय."

"तिकडची पोरं मरत न्हाईत," दाराआडून सुलताना म्हणाली.

माणसं उठून गेल्यावर बीबीजान आत आली. "नशिबात नव्हती ती पोरं. किती दिस उगाळनार?"

"मग दिलशादचं नशीब तिकडं बदललं व्हय, अम्मा? तितं अल्ला दुसरा हाय का?"

"तोबा कर!" म्हातारी म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सुलताना रंभाबाईकडं गेली. गावातली सगळी बाळंतपणं याच सुईणीच्या हातची. आता तिला दिसत नव्हतं. सुलतानानं तिला सुईचं सांगितलं, पात्याचं सांगितलं. भांडायचंच ठरवून गेली होती ती. रंभाबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "इळा माझ्या सासूचा. त्यानंच गवत कापायचं, त्यानंच नाळ. माझीबी चार गेली गं त्यानं." बराच वेळ तिचा हात नुसता जमीन चाचपत होता. "पौडच्या दवाखान्यात असंल ती सुई. बायांना घेऊन जा. मला आता कोन इचारतंय?"

गोजराबाईच्या सुनेला, रत्नाला, दिवस होते. घरातल्यांचा विरोध होता. सुलतानानं दारात बसकण मारली, तेव्हा कुठं रत्नाला एसटीनं पौडला नेता आलं. दोनदा नेलं. मुलगा झाला. आठवडाभर सुलताना त्या बाळाच्या तोंडाकडं बघत होती. ते जगलं. गोजराबाईनं साखर वाटली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवायला आणलं. सुलतानानं घेतलं नाही. ती उठली आणि कबरस्तानाकडं चालू लागली.

नबीलाल शोधत आला. "लोक दुवा देत्यात तुला, आन तू हितं?"

"ते जगलं."

"मग चांगलं न्हाई का झालं?"

"चांगलंच झालं. पर ते जगलं म्हंजे आपली बी जगली असती. दर येळंला मला हे नव्यानं कळनार."

तरीही तिनं जाणं सोडलं नाही. पुढची दहा वर्षं गावच्या बाया ती पौडला नेत राहिली, मुसळधार पावसातही. जन्मलेलं एकही मूल तिनं उचलून घेतलं नाही.

एका वर्षी पुराचं पाणी कबरस्तानात शिरलं आणि जांभळाचं झाड उन्मळून पडलं. सुलताना दिलशादला घेऊन गेली. सगळीकडं सारखाच गाळ, खुणेचे दगड वाहून गेलेले. दिलशादनं ओढ्यातून दोन दगड आणले आणि अंदाजानं ठेवले.

"हितं न्हाई," सुलताना म्हणाली. दगड उचलून तिनं थोडे पलीकडं ठेवले. मग पुन्हा उचलले.

"मग कुटं, अम्मी?"

सुलतानानं चारी बाजूंना पाहिलं. "न्हाई गं आठवत," ती म्हणाली, आणि दगड हातात धरून गाळात तशीच उभी राहिली.