पंचवीस वर्षांची सुट्टी

अन्नपूर्णाबाईंनी तीस वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नर्स म्हणून काढली. चुकलं तर डॉक्टरलाही तोंडावर सांगणारी बाई. आपण फसलो, हे म्हणूनच त्यांना फार झोंबलं.

अकोल्याच्या एका दुकानात त्यांनी सहज चिठ्ठी भरली होती. आठवड्याने फोन आला : बक्षीस लागलंय, जोडीने हॉटेलात या, जेवण आमच्याकडे. त्या आणि त्यांचे यजमान अर्जुनराव जळगाव जामोदहून सकाळच्या एसटीने गेले. तिथे टाय लावलेला पोरगा तीन तास सुटला नाही. वर्षातून एक आठवडा, कुठल्याही रिसॉर्टमध्ये, पंचवीस वर्षं! दोन वाजून गेले. अर्जुनरावांना शुगर, त्यांचे हात थरथरू लागले.

"जेवन कधी हाय बाबू?"

"सही झाली की लगेच, मॅडम."

यजमानांच्या पोटात घास जावा म्हणून त्यांनी सही केली, कार्डही पुढे केलं.

तीन वर्षांत एकदाही खोली मिळाली नाही. दिवाळीत फुल्ल, उन्हाळ्यात फुल्ल. देखभालीच्या खर्चाची मागणी मात्र दर एप्रिलला न चुकता यायची. बाईंनी कंपनीला फोन लावला. एकीने दुसरीकडे दिला, दुसरीने होल्डवर ठेवला, तिसरा म्हणाला, "मॅडम, रद्द कशाला? वरची योजना घ्या ना."

"मले खालचीच नाही पायजे, वरची कायले घेऊ?"

फोन कट. रजिस्टर पत्रं पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तर नाही. एका दुपारी चष्मा लावून त्यांनी करार पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. सभासदाच्या मृत्यूनंतर सगळी देणी वारसाकडे जातील, असं त्यात होतं. वारस म्हणजे त्यांची लेक, सुचिता. बाईंचं डोकंच सणकलं.

"पोरीले मी हे ठेवून जाऊ?"

"जाऊ दे वं," अर्जुनराव म्हणाले. "आपली चूक झाली."

"तुमची न् माही झाली. तिची काऊन?"

वकील न लावता त्यांनी बुलढाण्याच्या ग्राहक आयोगात स्वतः तक्रार टाकली. पहिल्या तीन तारखांना कंपनीचं कोणी आलंच नाही. दरवेळी एसटीत कंबर आखडून घ्यायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. चौथ्या वेळी कंपनीचा वकील उगवला.

"सही तुमचीच आहे ना?"

"हाव, माहीच हाय. माह्या नवऱ्याचे हात कापत होते न् तुमच्या मानसानं ताट अडवून धरलं होतं, हेबी लिहा."

पुढे अजून पाच तारखा. शेवटी निकाल लागला : करार रद्द, वारसाकडे काही जाणार नाही, भरलेल्यातले निम्मे परत. ते निम्मेसुद्धा पुन्हा अर्ज केल्यावर, सात महिन्यांनी आले.

शेजारच्या शालूबाई पेढे मागायला आल्या. "जितल्या म्हनता, ताई!"

"जितली कुठं वं? सुटली फक्त. पाच वर्षं खाल्ली मेल्यायनं." बाई करवादल्या आणि तारखांच्या धावपळीत राहून गेलेल्या कंबरेच्या एक्स-रेसाठी चप्पल घालून बाहेर पडल्या.